पिंजऱ्यातल्या उंदराचं गाव

फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते म्हटलं, की लोक आधी स्वतःच्या गोळ्यांबद्दल विचारतात आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणतात, "ते उंदीर तुम्ही पकडून आणता का हो?" नाही. गटारातल्या उंदराच्या अंगात कुठले जंतू, त्याचं वय किती, कशाचाच पत्ता नसतो. औषध दिल्यावर तो मेला, तर औषधाने की जुन्या दुखण्याने, हे सांगणार कोण? आमचे उंदीर बिलासकट येतात, नोंदणीकृत पैदास केंद्रातून. वाण, वय, वजन, नर की मादी, सगळं लिहिलेलं. १९९८ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी हे बंधन आणलं. आमच्या नीतिसमितीने मंजूर केले तेवढेच घ्यायचे.

पण त्या केंद्रात तरी ते आले कुठून? प्रयोगशाळांतल्या पुष्कळ उंदरांचा माग काढत गेलं, की आपण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, ग्रॅनबी नावाच्या खेड्यात पोचतो. तिथे अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या माजी शिक्षिकेचा कोंबड्यांचा धंदा बसला. १९०० च्या सुमारास तिने हौशी लोकांना विकायला गिरक्या घेणारे नाचरे उंदीर पाळले. एका जोडीपासून सुरुवात. पुढे अकरा हजारांवर गेले. पिंजरे साफ करायला गावातली पोरं, तासाला सात सेंटवर. मग प्राध्यापक मंडळी गिऱ्हाईक झाली. हार्वर्डच्या विल्यम कॅसल यांनी १९०२ मध्ये तिच्याकडून उंदीर नेले. काहींच्या कातडीवर गाठी दिसल्या, तेव्हा तिने ते शास्त्रज्ञांकडे पाठवले. लिओ लोब यांनी कर्करोगाचं निदान केलं, आणि दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले. माद्यांचे बीजकोश काढले तर स्तनांच्या गाठी कमी होतात, हे त्यांनी दाखवलं. मला या बाईंच्या वह्यांचं फार अप्रूप आहे. कुणाचे आईबाप कोण, हे त्या टिपून ठेवत.

कॅसल यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये तिच्या साठ्यातली ५७ नंबरची मादी घेऊन एक वंश सुरू केला. भावाबहिणींचा संकर पिढ्यान् पिढ्या करत गेलं, की सगळी पिल्लं जनुकांनी जवळजवळ एकसारखी होतात. त्यातून 'सी-५७ ब्लॅक-६' हा काळा उंदीर जगभर पसरला. २००२ मध्ये उंदराचा जनुकीय आराखडा जाहीर झाला, तो याचाच. आमच्या पिंजऱ्यातले पांढरे 'स्विस' मात्र वेगळ्या घराण्याचे. क्लारा लिंच यांनी १९२६ मध्ये लोझानहून दोन नर आणि सात माद्या न्यूयॉर्कला नेल्या, त्यांचा हा विस्तार.

प्रयोगांसाठी लागणाऱ्या माकडांची गोष्ट उलटी. ती रानातून आणि गावातून धरली जात, आणि पोलिओच्या लशीसाठी भारतातून हजारोंनी परदेशी गेली. १९७८ मध्ये सरकारने निर्यात बंद केली.

पैदास केंद्राची एक बाजू बिलावर येत नाही. काही प्रयोगांना फक्त माद्या हव्या असतात आणि पिल्लांत साधारण निम्मे नर जन्मतात. न खपलेले बहुधा मारले जातात. मंजुरीच्या कागदावर त्यांचा आकडा कुठेच नसतो. समितीत 'फक्त माद्या' असा अर्ज आला, की मी कारण विचारते. कधी ते खरं असतं. पुष्कळदा मागच्या वर्षीच्या अर्जातून उतरवलेलं.