उंची आड आली, तीच कामी आली

माहुलच्या वसाहतीतल्या एखाद्या सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्याची खिडकी पाहा. तिची वरची चौकट जमिनीपासून साधारण पाच मीटरवर असते. रशियाच्या येलेना इसिनबायेवाने २८ ऑगस्ट २००९ रोजी झ्युरिचमध्ये त्याहून उंच, ५.०६ मीटर उडी मारली. पोल व्हॉल्टमधला, म्हणजे बांबूउडीतला, महिलांचा हा विश्वविक्रम आजवर अबाधित आहे. तुलनेसाठी, २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तमिळनाडूच्या रोझी मीना पॉलराजने ४.२० मीटर उडी घेतली, तेव्हा तो राष्ट्रीय विक्रम ठरला होता.

येलेना मुळात जिम्नॅस्ट. पंधराव्या वर्षी उंची फार वाढल्याने तो खेळ सुटला. मात्र पोल व्हॉल्टमध्ये उंची उपयोगीच पडते. हात जितके वर पोहोचतात तितका पोल वरून पकडता येतो. २००४ आणि २००८ मध्ये तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. २००५ मध्ये पाच मीटर ओलांडणारी ती पहिली महिला ठरली.

यामागचे गणित सोपे आहे. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूची सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलली, तर शरीर सव्वातीन मीटर वर जाईल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतो. बेरीज झाली सव्वाचार मीटर. वरची भर दोन गोष्टींतून येते: आणखी वेगाने धावणे, आणि वाकलेल्या पोलला लटकून खांदे, पोट व पाठीच्या स्नायूंनी शरीर उलटे वर ओढणे. जिम्नॅस्टिक्समध्ये कमावलेली ताकद इथेच कामी येते. मल्लखांब करणाऱ्या मुलींमध्येही अशीच ताकद तयार होते.

या ताकदीची किंमत कंबर मोजते. पोल रोवताना पाठीला जोराचा झटका बसतो. वारंवार तसे झाल्यास कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. वाढीच्या वयात हा धोका अधिक असतो. कंबरदुखी काही आठवडे टिकली तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

येलेनानेही २०१० मध्ये विश्रांतीसाठी स्पर्धा थांबवल्या. २०१२ मध्ये तिने ऑलिंपिक कांस्य मिळवले, तर २०१३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ती पुन्हा जगज्जेती झाली. तेव्हा उंची वाढली म्हणून मुलीचा एखादा खेळ सुटला, तरी तिचे मैदान सोडवू नका. तिच्या शरीराला साजेसा दुसरा खेळ शोधा.