काचबिंदूचे निदान रक्ततपासणीने होते काय?

डोळा लाल झाला, दुखू लागला की माणूस दवाखान्याची वाट धरतो. काचबिंदू मात्र बहुधा न दुखता, डोळा लाल न होता दृष्टी हिरावून घेतो. दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांत दहापैकी सुमारे नऊ रुग्णांना आपल्याला हा रोग असल्याची कल्पनाही नव्हती. म्हणूनच रक्ताच्या साध्या तपासणीने तो ओळखता येईल काय, हा प्रश्न संशोधकांपुढे आला.

रक्तातील दाहाच्या खुणा

शरीरात कोठेही दाह निर्माण झाला की त्याचे पडसाद रक्तात उमटतात. तांबड्या पेशी नळीत एका तासात किती खाली बसतात हे ई.एस.आर. तपासणीवरून कळते, दाहात हा वेग वाढतो. यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनही वाढते. श्वेतपेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट तुलनेने घटतात. एका घनमिलिमीटर रक्तात न्यूट्रोफिल ६,००० व लिम्फोसाइट २,००० असतील, तर त्यांचे गुणोत्तर ३ होते.

काही नेत्रविकारांत या खुणा मोलाच्या ठरतात. पन्नाशीनंतर कानशिलाजवळच्या रोहिणीला दाह झाला, तर डोके दुखते, घास चावताना जबडा दुखतो आणि एका डोळ्याची दृष्टी अचानक जाऊ शकते. हा विकार आपल्याकडे विरळा असला, तरी अशा वेळी वाढलेला ई.एस.आर. व प्रोटीन पाहून तातडीने उपचार केल्यास दुसरा डोळा वाचविता येतो.

काचबिंदूची गोष्ट वेगळी

डोळ्यातील द्रवाचा निचरा अडला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टितंत्रिकेचे तंतू हळूहळू नष्ट होतात. या ऱ्हासात दाहाचाही वाटा असावा, असे संशोधन सुचविते. काही अभ्यासांत काचबिंदूच्या रुग्णांमध्ये वरील गुणोत्तराची सरासरी थोडी अधिक आढळली. काहींत फरक दिसला नाही. शिवाय ताप, मधुमेह, धूम्रपान किंवा एखादे औषध यांमुळेही ते बदलते. समूहाच्या सरासरीतील अशा फरकावरून एका व्यक्तीचे निदान करता येत नाही. रक्ताचा अहवाल निर्दोष आहे, म्हणून डोळा निर्धोक आहे असे मानणे घातक ठरेल.

औषधातील धोका

कोल्हापूर जिल्ह्यासारख्या ऊस पिकविणाऱ्या भागात उसाच्या पानाची धारदार कड लागून बुबुळावर जखम होण्याचा धोका नेहमीचाच. अशी जखम चिघळल्यास तेथील अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. पुष्कळदा मात्र दुकानातून थेंब आणून डोळ्यात घातले जातात. त्यांत स्टिरॉइड असल्यास लाली ओसरते, पण बुरशीचा संसर्ग बळावतो; आणि असे थेंब दीर्घकाळ वापरल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दाह शमविणारे औषधच अशा रीतीने अंधत्वाचे कारण बनते.

खरी तपासणी कोणती?

डोळ्याचा दाब मोजणे, बाहुली विस्फारून दृष्टितंत्रिका पाहणे आणि दृष्टिक्षेत्र तपासणे, हा निदानाचा मार्ग होय. दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. परंतु तो या मर्यादेत असतानाही काहींना काचबिंदू होतो. म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातून गावोगावी परिचित झालेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने गेलेली दृष्टी परत मिळते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब, लेसर वा शस्त्रक्रिया यांनी उरलेली तेवढी राखता येते. यास्तव चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः आईवडील वा भावंडांना काचबिंदू असलेल्यांनी आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी डोळ्यांची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. कोल्हापुरात त्यासाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे शासकीय रुग्णालय आहे. दिसते आहे तोवर तपासणी, हेच काचबिंदूपासून दृष्टी राखण्याचे साधन होय.