ओ हेराल्डो

ओ हेराल्डो हे गोव्यातील पणजी येथून प्रसिद्ध होणारे दैनिक वृत्तपत्र आहे. २२ जानेवारी १९०० रोजी पोर्तुगीज भाषेत सुरू झालेले हे वृत्तपत्र गोव्यातील पहिले दैनिक मानले जाते. ऑक्टोबर १९८३ पासून ते इंग्रजीत निघू लागले. नावाच्या आरंभीचे ‘ओ’ हे पोर्तुगीज भाषेतील पुल्लिंगी उपपद होय. भाषा बदलली तरी वृत्तपत्राच्या शीर्षकात ते आजही टिकून आहे.

पार्श्वभूमी

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. मात्र गोव्यातील पहिले वृत्तपत्र निघण्यास त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे लागली. पोर्तुगालमधील १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर, डिसेंबर १८२१ मध्ये, ‘गझेता दि गोवा’ हे सरकारी साप्ताहिक सुरू झाले. ते १८२६ पर्यंत चालले. १८५९ साली बर्नार्दो फ्रान्सिस्को द कॉस्ता यांनी मडगाव येथून ‘ओ उल्त्रामार’ हे पहिले खाजगी वृत्तपत्र काढले.

ही सारी पत्रे राज्यकर्त्यांच्या भाषेत असली, तरी ती भाषा गोव्यात अल्पसंख्यांचीच होती. सामान्य जनतेच्या घरात कोंकणी बोलली जाई आणि हिंदू समाजाच्या लेखनवाचनात, धार्मिक व्यवहारात मराठी वापरली जाई. पोर्तुगीज ही सरकारी कचेऱ्या, न्यायालये व पणजीचे लिसेव (माध्यमिक विद्यालय) यांची भाषा होती. त्यामुळे पोर्तुगीज वृत्तपत्रांचा वाचक मुख्यतः सुशिक्षित ख्रिस्ती घराणी, वकील, सरकारी नोकर आणि पोर्तुगीज शिकलेले काही हिंदू एवढ्यापुरता मर्यादित होता. पहिले कोंकणी नियतकालिक ‘उदेंतेचें साळक’ हे तर १८८९ साली गोव्याबाहेर, पुण्यातून निघाले.

स्थापना व पोर्तुगीज कालखंड

ओ हेराल्डोची स्थापना मेसियस गोमिश यांनी केली. चांदर येथील लुईश दि मिनेझिश ब्रागांझा (१८७८–१९३८) हे त्यांचे सहकारी होते. मिनेझिश ब्रागांझा यांनी पुढे १९११ साली ‘ओ देबाते’ व १९२८ साली ‘प्रकाश’ ही पत्रे काढली आणि वसाहतवादी राजवटीवर पोर्तुगीज भाषेतूनच टीका केली. राज्यकर्त्यांची भाषा राज्यकर्त्यांनाच जाब विचारण्यासाठी वापरणारी पत्रकारिता हा गोव्याच्या वृत्तपत्रसृष्टीचा महत्त्वाचा विशेष ठरतो.

ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर गोव्यात विचारस्वातंत्र्याचा अवकाश वाढला. १९२६ च्या लष्करी उठावानंतर तो आकसला. पुढे सालाझार यांच्या राजवटीत छपाईपूर्व तपासणी सक्तीची होती. निमंत्रणपत्रिकाही तपासणीतून सुटत नसत. अशा परिस्थितीत वृत्तपत्रांना राजकीय मतप्रदर्शनास फारसा वाव उरला नाही.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज भाषेचे शासकीय स्थान संपुष्टात आले. नव्या वाचकांसाठी नवी दैनिके निघाली : १९६२ साली मराठी ‘गोमन्तक’ आणि १९६३ साली इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’. शाळांतून मराठी व इंग्रजी माध्यमांचा प्रसार झाला. पोर्तुगीज वाचू शकणारी नवी पिढी तयार होणे थांबले.

तरीही ओ हेराल्डो सुमारे २२ वर्षे पोर्तुगीजमध्येच निघत राहिले. मुक्तीपूर्वी शिकलेली पिढी हाच त्याचा आधार होता. ती पिढी वयोवृद्ध होऊ लागली तसा तो आधार क्षीण झाला. अखेर १९८३ साली, पोर्तुगीज दैनिक म्हणून ८३ वर्षे पूर्ण केल्यावर, हे वृत्तपत्र इंग्रजीत आले. इंग्रजी आवृत्तीचे पहिले संपादक राजन नारायण हे होते. त्यानंतरच्या काही वर्षांत कोंकणीला राजभाषेचा दर्जा मिळावा यासाठी झालेल्या आंदोलनाला या वृत्तपत्राने पाठिंबा दिला. १९८७ साली राजभाषा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला.

महत्त्व

अल्पसंख्य भाषेतील वृत्तपत्राचे आयुष्य केवळ मालकाच्या भांडवलावर वा संपादकाच्या निष्ठेवर ठरत नाही. त्या भाषेत वाचायला शिकणारी मुले आहेत की नाहीत, यावरही ते अवलंबून असते, हे ओ हेराल्डोच्या इतिहासातून दिसते. राजसत्ता गेल्यावरही भाषा काही काळ टिकली. शाळा गेल्यावर मात्र तिचे वाचक एका पिढीत विरळ झाले. वृत्तपत्र वाचले, ते भाषा सोडून.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात आजही आहे. त्याचप्रमाणे विसाव्या शतकातील गोव्याच्या सामाजिक व राजकीय इतिहासाचे मोठे साधन पोर्तुगीज वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत आहे. ते अंक वाचण्यासाठी अभ्यासकांना आता ती भाषा मुद्दाम शिकावी लागते.