धुऱ्यावरचा तांबेरा

यंदा कोजागिरी झाल्यावर पातूर रस्त्यालगतच्या माझ्या ओळखीच्या धुऱ्यावर गेलो आणि पाय जागीच थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत धुरा पिवळा पडला होता. तणनाशक मारून आठ-दहा दिवस झाले असतील. बरूची ठोंबं उभ्या उभ्या वाळली होती, तरोट्याच्या शेंगा भरायच्या आधीच वाकड्या झाल्या होत्या. रानतुरीच्या वेलाला हात लावला तर पानांचा चुरा हातात आला. एका धुऱ्यासाठी एवढं काय वाईट वाटून घेता, असं बायकोनं विचारलं. वाटतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दहा वर्षं मी तिथं वाकून काढली आहेत.

आधीचं आणि नंतरचं बरंच मी चटकन ओलांडतो. 1969 साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, संकरित ज्वारी घरोघर पोचली, पंप आले, औषधं आली. 2002 मध्ये बीटी कपाशी आली आणि पुढे गुलाबी बोंडअळी तिला जुमानेनाशी झाली, हे प्रत्येक वऱ्हाडी माणूस सांगेल. मला सांगायचं आहे ते 1984 ते 1994 चं.

तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. आश्विनात रविवारी सकाळी पाच-सहा मुलं सायकली काढून माझ्याबरोबर यायची. दव उतरायच्या आत धुऱ्यावर पोचायचं, हा नियम. भिंग काढून बरूचं पान उलटं केलं की जांभळट तांबडे ठिपके दिसत. नखानं खरवडलं तर विटकरी भुकटी बोटाला लागे. शेजारच्या ज्वारीवर येतो तोच हा तांबेरा, पक्सिनिया पर्प्युरिया. एक ठोंब त्यानं गच्च भरलेलं असे, आणि त्याला खेटून उभ्या असलेल्या दुसऱ्या ठोंबावर, तोच पाऊस आणि तेच दव असून, जेमतेम चार ठिपके. बरू जमिनीखालच्या कांड्यांनी पसरतो, म्हणून एक ठोंब म्हणजे बहुधा एकच रक्त. फरक रक्ताचा होता, हे मुलांना पुस्तक न उघडता कळलं.

आम्ही रोगट ठोंबाला लाल आणि स्वच्छ ठोंबाला पांढरा दोरा बांधला. पुढच्या आश्विनात गेलो तर लाल दोऱ्यातली काही ठोंबं चांगली फुटलेली, पांढऱ्यातल्या काहींवर ठिपके. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा वेगळंच. रोग एकदाही धुऱ्यावरून नाहीसा झाला नाही आणि बरूही झाला नाही. शेतमालक म्हातारा आमच्याकडे बघून म्हणाला होता, "मास्तर, हे तं दरसाल येते. पन बरू काई मरत नाई. माह्या जवारीवर आलं का मंग पाहा!"

त्याच्या त्या एका वाक्यात आमचा सगळा विषय होता. अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लॉर यांनी 1940च्या दशकात जवस आणि जवसावरचा तांबेरा घेऊन दाखवलं की, रोपातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला तांबेऱ्यात एक जोडीदार जनुक असतं. तांबेऱ्यातलं ते बदललं की रोपाचा प्रतिकार वाया जातो. शेतात सगळी रोपं एकाच वाणाची, म्हणून एक बदल सगळ्या शेताला पुरतो. धुऱ्यावर दर दोन हातांवर रक्त वेगळं, त्यामुळे तांबेऱ्याला प्रत्येक ठोंबापाशी नव्यानं सुरुवात करावी लागते. आम्ही दोरे बांधत होतो त्याच काळात ऑस्ट्रेलियात जेरेमी बर्डन आणि त्यांचे सहकारी रानजवसावरचा तांबेरा वर्षानुवर्षं मोजत होते. तांबेरा तोच, जो आपल्या जवसाच्या पानावर नारिंगी फोड आणतो. तिथं 1980च्या दशकाच्या अखेरीस मोठी साथ आली, रोपं भराभर मेली, आणि उरलेल्यांत प्रतिकाराची वाटणीच बदलून गेली. हे मी फार उशिरा वाचलं. वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

कारण आमचंही मोजायचं ठरलं होतं. वऱ्हाडातल्या धुऱ्यांवरच्या आणि नाल्यांकाठच्या रानटी झाडांचे रोग दहा वर्षं सलग नोंदवायचे, असा कागद मी एका कचेरीत दिला. तो परत आला. समासात लिहिलं होतं, "तणाच्या रोगाचा शेतकऱ्यास उपयोग काय?" साहेब आता हयात नाहीत, पण उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देतो.

ज्या वर्षांत तो शेरा लिहिला गेला, त्याच वर्षांत परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीचा संकर मॅनिहॉट या तिच्या रानटी नातलगाशी घडवून हळद्या रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' काढली. बंगळूरच्या 'अर्का अनामिका'तला प्रतिकारही असाच एका रानभेंडीकडून आला, आणि ती जात आपल्या डोंगरांतही उगवते. पांढरी माशी विषाणू वाहत राहिली, विषाणू बदलत राहिला, पुढे या वाणांवरही शिरा पिवळ्या पडू लागल्या. म्हणजे पुन्हा रानाकडे जाणं आलं. तुरीचा वांझ रोग वाऱ्यावर उडणाऱ्या एका बारीक कोळ्यामार्फत पसरतो, आणि तो कोळी रानतुरीवरही राहतो. ही ये-जा समजायची तर धुऱ्यावरच बसावं लागतं, साहेब.

शेतकऱ्याला दोष देणं मला जमणार नाही. निंदायला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. 10 जून 2019 ला आपल्याच जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारी, परवानगी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरली, तेव्हा त्यांची चीड मला समजत होती. पण तासातलं तण मारणारा पंप बांधावर का चालवायचा? तिथं काय पेरायचं आहे? आणि आमच्या पुढच्या पिढीतल्या मास्तरांनी मुलांना भिंग देऊन त्या बांधावर एकदाही नेऊ नये, याचा राग मला अधिक आहे.

परवा पुन्हा गेलो. एक पाऊस पडून गेला होता आणि धुरा हिरवा झाला होता. जवळ गेल्यावर कळलं की सगळं गाजरगवत आहे. हे आलं मेक्सिकोकडून, 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं, आणि तिकडे त्याला खाणारे, त्याला आजारी पाडणारे बहुतेक मागेच राहिले. म्हणून तर 1984 साली बंगळूरला मेक्सिकोचे भुंगे आणून सोडावे लागले. मी गुडघ्यावर बसून पानामागून पान उलटत गेलो. ठिपका नाही, भुरी नाही, काही नाही. आणि 2000 साली अनंतपूरला सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भुईमूग बसवणारा टोबॅको स्ट्रीक विषाणू याच गवताच्या अशाच निरोगी दिसणाऱ्या झाडांत होता. त्याच्या परागांतून तो फुलकिड्यांबरोबर शेतात शिरला. माझ्या हातातल्या तुऱ्यातूनही पांढरे पराग झडत होते. वारा पश्चिमेचा होता, आणि बांधाच्या पलीकडे पऱ्हाटी फुलावर आली होती.