कच्च्या लिंबाचा न्याय

उन्हाळ्याच्या सुटीत भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या अंगणात लपंडाव रंगतो, तेव्हा मोठ्या भावंडांमागे आलेल्या धाकट्याला सहसा परत पाठवीत नाहीत. तो 'कच्चा लिंबू' ठरतो. सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही.

व्हिडिओ गेममधील सोपी, मध्यम, कठीण या पातळ्या म्हणजे याच जुन्या न्यायाचे यंत्रयुगीन रूप होय. तथापि सोपी पातळी निवडणाऱ्याची हेटाळणी होते. कष्टावाचून मिळालेल्या विजयात आनंद कसला, असा आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे. २०११ च्या 'डार्क सोल्स' या जपानी खेळात अशी निवडच नाही आणि त्याच्या चाहत्यांना गोडी वाटते ती त्या कठीणपणाचीच. परंतु एकाचे कष्ट ते दुसऱ्याचे अशक्य असते. आव्हान कुवतीहून फार मोठे झाले तर चिंता, फार लहान झाले तर कंटाळा, असे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९७५ सालच्या ग्रंथात मांडले. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये खेळणाऱ्यास वेग मंद करता येतो. चढावयाचा डोंगर मात्र तोच राहतो.

कच्चा लिंबू कायम कच्चा राहू इच्छीत नाही. एके दिवशी 'माझ्यावरही राज्य येऊ द्या' असा हट्ट तोच धरतो. तो दिवस त्यानेच ठरवावा. अंगणाबाहेर ठेवलेल्या मुलाला मात्र तो हट्ट कधीच धरता येत नाही.