दगड जुना, की इमारत जुनी?

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसमधील नोत्र दाम या प्रसिद्ध कॅथेड्रलच्या छपराला आग लागली. छपराखालचा लाकडी सांगाडा ओकच्या शेकडो तुळयांचा होता. त्यातील बरेचसे लाकूड बाराव्या-तेराव्या शतकातले. फ्रेंच लोक त्याला 'जंगल' असेच म्हणत. छपरावर शिशाचे पत्रे होते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. मग लाकडाच्या ज्वाळांपुढे त्याचा काय टिकाव लागणार? मध्यावरचा उंच सुळका तासाभरात कोसळला आणि खालच्या दगडी छताला तीन ठिकाणी भगदाडे पडली. बाकीची इमारत मात्र उभी राहिली.

दोनच दिवसांनी फ्रान्सच्या पंतप्रधानांनी नव्या सुळक्यासाठी जागतिक स्पर्धा घेण्याचा विचार बोलून दाखविला. लगेच वाद पेटला. कोणी म्हणे काचेचा सुळका करा, कोणी म्हणे होता तसाच करा. तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? जुनी इमारत जळाली तर ती जशी होती तशी बांधावी. पण 'जशी होती' म्हणजे कोणत्या साली होती? कारण जळालेला सुळका मध्ययुगीन नव्हताच. तो १८५९ साली उभारलेला होता! तेराव्या शतकातला मूळ सुळका जीर्ण झाला म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवून टाकला होता.

हा वाद नीट समजायचा तर गॉथिक इमारत उभी कशी राहते हे आधी पाहिले पाहिजे.

कमानीचा रेटा

वर्गात मी मुलांकडून एक प्रयोग करून घेतो, तो तुम्हीही करा. गुळगुळीत शहाबादी फरशीवर दोघांनी समोरासमोर उभे राहून तळव्याला तळवे टेकवावेत आणि पाय हळूहळू मागे न्यावेत. ही झाली कमान. थोड्याच वेळात पाय मागे घसरू लागतात. आता आणखी दोघांनी त्यांच्या टाचांना आपले पाय लावून बसावे. कमान स्थिर होते. बसलेल्यांना विचारा, त्यांना रेटा स्पष्ट जाणवेल. कमान नुसती खाली दाबत नाही, ती बाहेरही रेटते.

नोत्र दामचे कमानी छत जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंच आहे. तेथे, खिडक्यांच्या वर, भिंतीला बाहेर ढकलणारा हा रेटा कोण पेलणार? गॉथिक कारागिरांनी भिंतीपासून दूर जाड खांब उभे केले आणि तेथून भिंतीपर्यंत अर्धकमानीसारखे तिरके दगडी धीरे टाकले. रेटा धीऱ्यातून खांबात आणि खांबातून पायात उतरला. भिंतीचे ओझे हलके झाले आणि तिच्या जागी मोठाल्या रंगीत काचा बसविता आल्या.

दगड चिरडण्याची भीती मात्र जवळजवळ नसते. हिशेब करून पाहा. मध्यम प्रतीचा चुनखडक दर चौरस सेंटिमीटरला ४०० किलोग्रॅम भार सोसतो असे धरू. एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या एक मीटर उंच दगडाचे वजन सुमारे ०.२४ किलोग्रॅम भरते. म्हणजे स्वतःच्या वजनाने तळाचा दगड फुटायला स्तंभ दीड किलोमीटरहून उंच हवा! खरी भीती वेगळीच आहे. चुन्यात बसविलेले दगड दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणून वजन आणि रेटा यांच्या परिणामी बलाची रेषा दगडाच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की सांधा उघडतो.

आता धीऱ्याच्या खांबावर जो टोकदार नक्षीदार कळस असतो त्याकडे पाहा. समजा, आडवा रेटा १० टन आणि खांबाचे वजन ३० टन आहे. बलांच्या समांतरभुज चौकोनाच्या नियमाप्रमाणे परिणामी रेषा ३ मीटर खाली जाताना १ मीटर बाहेर सरकेल. डोक्यावर २० टनांचा कळस ठेवला तर तीच रेषा १ मीटर सरकायला ५ मीटर खाली जावे लागेल. (आकडे सोयीचे घेतले आहेत, तत्त्व खरे आहे.) म्हणजे ज्याला आपण शोभा समजतो ते ओझेही असते, आणि ते कामाचे ओझे असते. 'हे नंतर जोडलेले दिसते, काढून टाका' असे म्हणण्यापूर्वी हे गणित करावे लागते.

दोन टोकांची माणसे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोत्र दामची अवस्था वाईट होती. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ साली, दर्शनी भागावरील २८ राजांच्या पुतळ्यांची डोकी उडविली गेली होती. (त्यातली २१ डोकी १९७७ साली पॅरिसमध्येच एका खोदकामात सापडली!) १८४४ साली जीर्णोद्धाराचे काम लास्यूस आणि व्हियोले-ल-द्युक या दोन वास्तुविशारदांकडे सोपविण्यात आले. व्हियोले-ल-द्युक तेव्हा तीस वर्षांचा होता. लास्यूस १८५७ साली वारला आणि पुढचे काम व्हियोले-ल-द्युकने एकट्याने १८६४ पर्यंत तडीस नेले.

हा माणूस विलक्षण होता. गॉथिक रचनेतील प्रत्येक दगड काय काम करतो हे त्याच्याइतके बारकाईने त्या काळी क्वचितच कोणी अभ्यासले असेल. फ्रेंच वास्तुकलेचा दहा खंडांचा कोश त्याने लिहिला. पण जीर्णोद्धाराविषयीचे त्याचे मत धाडसी होते. इमारत दुरुस्त करणे एवढेच पुरेसे नाही, ती पूर्णावस्थेला न्यावी, मग तशी पूर्णावस्था पूर्वी कधी अस्तित्वात नसली तरी चालेल, असे तो म्हणे. त्याने नवा सुळका उभारला, तो मूळच्या सुळक्याहून उंच आणि नक्षीदार केला. मनोऱ्यांच्या सज्जावर वाकून पॅरिसकडे पाहणारे दगडी विचित्र प्राणी चित्रांतून तुम्ही पाहिले असतील. मध्ययुगाचे प्रतीक म्हणून ते जगभर प्रसिद्ध आहेत, पण तेही एकोणिसाव्या शतकातले! सुळक्याच्या पायथ्याशी बसविलेल्या तांब्याच्या सोळा पुतळ्यांपैकी संत थॉमसला तर त्याने स्वतःचाच चेहरा दिला. बाकीचे पुतळे शहराकडे पाहतात, हा मात्र वळून सुळक्याकडे पाहतो.

इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथात त्याने जीर्णोद्धाराला सरळ खोटेपणा ठरविले. मेलेल्याला जसे उठविता येत नाही तशी जुन्या कारागिराच्या हातची खूण परत आणता येत नाही. त्यापेक्षा छपराची आणि पन्हळींची वेळच्या वेळी निगा राखा, असे त्याचे म्हणणे. १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या भिंती खरवडून नव्यासारख्या करीत. त्याला विरोध म्हणून या मंडळींना लोक 'खरवडविरोधी' म्हणू लागले. मॉरिस चिडला होता तो ट्यूक्सबरीच्या चर्चवरील योजनेमुळे. ती योजना होती सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची. मुंबईकर वाचकांना हे नाव परके वाटू नये. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोरा याच स्कॉटसाहेबांनी लंडनमध्ये बसून आखले. मुंबईला ते कधी आलेच नाहीत.

मला स्वतःला रस्किनचे म्हणणे वाचताना पटते, पण पडू घातलेल्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर पटत नाही. व्हियोले-ल-द्युकने हात आखडता घेतला असता तर आज वाद घालायला फ्रान्समधील कित्येक इमारती शिल्लकच राहिल्या नसत्या.

बोव्हेचे लोखंड

हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही, हे दाखविणारी गोष्ट उत्तर फ्रान्समधील बोव्हे येथे घडली. तेथील कॅथेड्रलचे छत सुमारे ४८ मीटर उंच आहे. गॉथिक इमारतींत सर्वांत उंच. १२८४ साली ते एकदा कोसळलेही होते. तेथील धीऱ्यांना एकमेकांशी बांधणारे लोखंडी गज होते. गॉथिक म्हणजे शुद्ध दगडाचे काम, हे लोखंड नंतरच्या कोणीतरी घातलेले असणार, असा समज पुष्कळ काळ प्रचलित होता. १९६० नंतरच्या दशकात त्यातील काही गज काढण्यात आले. मग जोराच्या वाऱ्यात धीरे डोलू लागले! अखेर पोलादी गज बसवावे लागले.

पण गज मूळचे की नंतरचे, हे ठरवायचे कसे? लोखंडावर तारीख लिहिलेली नसते. येथे भौतिकशास्त्र मदतीला आले. मध्ययुगात लोखंड कोळशाच्या भट्टीत काढीत. कोळसा लाकडाचा. त्यातील कार्बनचा अगदी थोडा अंश लोखंडात शिरून बसतो. झाड जिवंत असताना हवेतून किरणोत्सर्गी कार्बन-१४ घेत असते. ते तोडले की हा पुरवठा थांबतो आणि ५,७३० वर्षांत कार्बन-१४ निम्मा होतो. साडेसातशे वर्षांनी सुमारे ९१ टक्के उरतो. शंभरातले नऊ अणू कमी झाले हे मोजायला फार संवेदनशील उपकरणे लागतात, पण आज ती आहेत. बोव्हे आणि बूर्ज येथील लोखंडाची अशी तपासणी करून २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी निष्कर्ष काढला की हे लोखंड इमारती बांधल्या गेल्या त्याच काळातले आहे. म्हणजे लोखंड ही मागाहूनची मलमपट्टी नव्हती, ते मूळ कारागिरांच्या योजनेतच होते. नोत्र दामच्या आगीनंतर उघड्या पडलेल्या भिंतींत दगड एकमेकांना जखडणारे लोखंडी आकडे दिसले. त्यांच्या तपासणीनेही, ११६० नंतरच्या दशकातच तेथे लोखंड वापरले जात होते, हे २०२३ साली दाखवून दिले.

सारांश, 'अस्सल गॉथिक' असे ज्याला आपण म्हणत होतो, ते आपल्या मनातले गॉथिक होते.

लाकूड, लोखंड की काँक्रीट?

आता पुन्हा जळालेल्या छपराकडे येऊ. यापूर्वीही अशी छपरे जळाली होती. शार्त्रचे छप्पर १८३६ साली जळाले तेव्हा फ्रेंचांनी लाकडाऐवजी लोखंडाचा सांगाडा केला आणि वर तांब्याचा पत्रा घातला. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मध्ये, तोफांच्या माऱ्याने रॅंसचे कॅथेड्रल पेटले. आंरी दन्यो या वास्तुविशारदाने तेथे सलोह काँक्रीटच्या लहान लहान तुकड्यांचे छप्पर जोडले. दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत, आणि खालून पाहणाऱ्याला छताच्या वर काय आहे ते कळतही नाही. त्या काळी कोणी त्यांना नकली म्हटले नाही.

१९६४ साली व्हेनिस येथे जुन्या वास्तूंच्या जतनासाठी एक आंतरराष्ट्रीय सनद तयार झाली. जेथे पुराव्याऐवजी अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबवावा आणि नवे घातले तर ते जुन्याशी मेळ राखूनही वेगळे ओळखू यावे, असे तिचे सांगणे. मग नोत्र दामबाबत पुरावा किती होता? भरपूर. छपराच्या सांगाड्याची तुळईन् तुळई दोन वास्तुविशारदांनी २०१४ साली मोजून ठेवली होती. त्याआधी अँड्र्यू टॅलन या अमेरिकेतील प्राध्यापकाने लेसर किरणांनी संपूर्ण इमारतीतील अब्जावधी बिंदूंची स्थाने नोंदविली होती. लेसरचा स्पंद भिंतीवर आदळून परत येतो, त्यावरून अंतर मिळते, तत्त्व एवढेच. बिचारे टॅलन आगीच्या आदल्या वर्षीच वारले.

जुलै २०२० मध्ये निर्णय झाला: आगीच्या वेळी होते तसेच. म्हणजे मधल्या भागाचे आणि वेदीकडील छप्पर मध्ययुगीन पद्धतीचे, आणि सुळका एकोणिसाव्या शतकातला. सुमारे दोन हजार ओक निवडण्यात आले. मध्ययुगीन भागाच्या तुळया सुतारांनी रुंद पात्याच्या कुऱ्हाडींनी हाताने तासल्या. हा हौसेचा खेळ नव्हता. करवत सरळ रेषेत चालते, धाग्यांची पर्वा करीत नाही; कुऱ्हाड धाग्याच्या कलाने जाते. त्यामुळे लाकडाचे लांब धागे सलग राहतात, आणि तुळईला वाकविणारा भार पेलतात ते हेच धागे. आठशे वर्षांपूर्वीचा दगड परत आणता येत नाही हे रस्किनचे म्हणणे खरे, पण आठशे वर्षांपूर्वीचे कसब पुष्कळसे परत आणता आले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. छपरावर पुन्हा शिसेच घातले. आगीत शेकडो टन शिसे तापले, त्याची धूळ आसपास पसरली, आणि त्या उन्हाळ्यात जवळच्या काही शाळा बंद ठेवून धुवाव्या लागल्या. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. छप्पर जड असावे हे भिंतींच्या दृष्टीने ठीक. वजन रेषेला आत ठेवते, ते आपण पाहिलेच. पण वजन दुसऱ्या मार्गानेही देता आले असते. शार्त्रला तांबे चालते तर येथे का नाही? या वेळी सांगाड्यात आग अडविणारे आडपडदे आणि पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा बसविली आहे, एवढा दिलासा. त्या 'जंगला'त मध्ययुगात तुषार नव्हते हे खरे, पण त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले, आणि वाद पुन्हा सुरू झाला. दक्षिण बाजूच्या सहा लहान प्रार्थनादालनांत व्हियोले-ल-द्युकच्या काळातील काचा आहेत. आगीत त्यांना धक्काही लागला नव्हता. त्या काढून आजच्या चित्रकाराच्या काचा बसवाव्यात असे राष्ट्राध्यक्षांनी ठरविले. फ्रान्सच्या वारसा आयोगाने जुलै २०२४ मध्ये विरोधी मत दिले, तरी डिसेंबरमध्ये क्लेअर ताबूरे या चित्रकर्तीची निवड झाली. विरोधकांनी लाखो सह्या गोळा केल्या. ज्याने मध्ययुगात नसलेल्या गोष्टी घातल्या म्हणून ज्याच्यावर शतकभर टीका झाली, त्या व्हियोले-ल-द्युकच्या काचा 'अस्सल' म्हणून वाचविण्यासाठी आता व्हेनिस सनदेचा आधार घेतला जात होता.