मान दुखते, पण कशामुळे?
भिलाईच्या पोलाद कारखान्यातला क्रेनचालक उंच केबिनमधून तासन् तास खाली वाकून पाहतो; कार्यालयातला कारकून स्क्रीनकडे मान पुढे काढून बसतो. डोक्याचं चार-पाच किलो वजन पेलणारे स्नायू अशाने आखडतात. बहुतेकांची मानदुखी याच प्रकारची असते आणि काही आठवड्यांत ओसरते.

मानेत 7 मणके आणि मज्जातंतूंच्या 8 जोड्या असतात. चकती सरकून मज्जातंतू दबला, तर कळ हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. मज्जारज्जूवरच दाब आला, तर शर्टाची बटणं लावणं जड जातं, चाल अडखळते.

पन्नाशीनंतर एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दुखणं नसलेल्यांतही दिसते. म्हणून केवळ फोटोवरून कारण ठरत नाही. आधी कामाची पद्धत, दुखण्याची वेळ, हातांची ताकद तपासली जाते. एमआरआय गरजेपुरताच.

अपघातानंतरचं दुखणं, ताप, घटतं वजन, हातापायांतली अशक्तता किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही असल्यास तातडीने डॉक्टरांकडे जा. मानेसोबत छाती किंवा जबडा दुखून घाम फुटला, तर हृदयविकाराची शंका घ्या. कारण कळण्याआधी मान मोडून घेऊ नका.